कर्ज कुठल्या चलनात आहे, तेही बघा
व्याज खर्चात धरलं जाऊन कर वाचतो, म्हणून कर्ज काढून वाढणारी कंपनी भागधारकांना जास्त परतावा देते, असं म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण धंद्यातली कमाई व्याजदरापेक्षा जास्त असेल तोवरच. शिवाय कर्ज कुठल्या चलनात आहे, हे त्यात धरलेलं नसतं. पुण्याची पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन घ्या. २००७ मध्ये परदेशी परिवर्तनीय रोखे (डॉलरमधलं कर्ज, ज्याच्या बदल्यात रोखेधारकाला हवं तर कंपनीचे शेअर घेता येतात) काढले तेव्हा डॉलर चाळीसच्या आसपास होता, २०१२ साली फेडायची वेळ आली तेव्हा पन्नाशीच्या वर. शेअर इतका पडलेला, की रोखेधारक पैशांऐवजी शेअर कशाला घेतील? ऑक्टोबरमध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलर थकले.

पुढे २०१५ मध्ये जर्मनीतली आपली उपकंपनी सेनव्हिऑन सुझलॉनला विकावी लागली. मी तरी वार्षिक अहवाल उघडला की नफ्याच्या आकड्याआधी परकीय कर्जाची टीप वाचतो.