शरणार्थी, निर्वासित, आश्रयार्थी: संदेशासाठी कोणता शब्द घ्यावा?

पाळक, जालना

20 जूनला जागतिक निर्वासित दिन असतो. त्याच्या लगतच्या रविवारी चर्चमधल्या उपासनेत या विषयावर संदेश द्यायचा आहे आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. जीव वाचवायला ज्यानं देश सोडला, दुसऱ्या देशात आसरा मागितला, पण ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही, अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं? वर्तमानपत्रांत 'शरणार्थी' आणि 'निर्वासित' दोन्ही येतात, कधी एकाच बातमीत. मंडळीतल्या एका तरुणाच्या तोंडी सरसकट 'घुसखोर' ऐकला, तेव्हाच हा विषय घ्यायचं ठरवलं.

'शरण' मला खटकतो. आपल्या बोलण्यात शरण येतो तो हरलेला, नाहीतर आरोपी. योसेफ आणि मरिया बाळ येशूला घेऊन हेरोद राजाच्या भीतीनं रातोरात मिसर देशात गेले. त्या कुटुंबाला 'शरण गेलेलं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निवृत्त शिक्षक, उदगीर

पाळकसाहेब, शरणवर अन्याय नको. संस्कृतात शरण म्हणजे रक्षण, आसरा, घरसुद्धा. आमच्याकडं लिंगायत माणसं भेटली की 'शरणु शरणार्थी' म्हणतात. आजोबा नातवाला तेच म्हणतात आणि नातू आजोबांनाही तेच. बसवण्णांच्या परंपरेत 'शरण' ही मानाची ओळख आहे. विहारात त्रिशरण म्हणणाराही कुणापुढं हरलेला नसतो.

'निर्वासित'चं बळ वेगळं आहे. निर्वासन म्हणजे हद्दपारी, हुसकावून लावणं. हा माणूस आपण होऊन निघालेला नाही, त्याला कुणीतरी घराबाहेर काढलंय, हे त्या शब्दातच आहे. 'आश्रित' मात्र घेऊ नका. त्याला ताटाखालच्या मांजराचा वास येतो.

वकील, छत्रपती संभाजीनगर

कायद्यात दोन पायऱ्या आहेत. 1951 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सार्थ भीती असलेला, देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे निर्वासित. त्याच्या भीतीची शहानिशा होऊन निर्णय लागेपर्यंत तो आश्रयार्थी. तुम्हाला हवा तो शब्द हाच. निकाल लागण्याआधीच त्याला घुसखोर म्हणणं म्हणजे सुनावणी न घेता शिक्षा देणं.

भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, 1967 च्या प्रोटोकॉलवरही, म्हणजे त्याच्या पुरवणी करारावरही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, सोमालियातून आलेल्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय करतं.

हे फार लांबचं समजू नका. आपल्या विद्यापीठात सुदान, येमेनची पोरं शिकायला येतात. एप्रिल 2023 मध्ये सुदानात लढाई पेटली आणि खार्तूमचा विमानतळच बंद पडला. त्या वेळी तिथला जो विद्यार्थी इथं खोली घेऊन राहत होता, तो जागचा हललाही नव्हता. पण व्हिसा संपत आला आणि परतायला वाट नाही, म्हणजे त्याच्यासाठी शब्दच बदलला.

गृहिणी, परंडा

आमच्या घरात यातला एकही शब्द नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "रझाकारीत आम्ही बार्शीकडं पळालो." निजामाची हद्द ओलांडली की पलीकडं सोलापूर जिल्हा. तिथल्या एका घरानं ओसरी रिकामी करून दिली, सकाळी जात्यावर पहिली पाळी यांना दिली. सासूबाई त्या घराला शेवटपर्यंत 'आसऱ्याचं घर' म्हणत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस ॲक्शन झाली आणि मग आसपासच्या मुसलमानांवर पळायची वेळ आली. त्यांच्याबद्दलही त्या हेच क्रियापद वापरायच्या, "तीबी पळाली, लेकरंबाळं घिऊन." सूर तोच असायचा.

पाळक, जालना

ताई, हे संदेशात सांगायला तुमची परवानगी हवी.

गुरुजी, 'शरणु शरणार्थी' मी घेणारच. त्यावरून नाशिकचं शरणपूर आठवलं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. बायबलात जीव वाचवायला धावत येणाऱ्यांसाठी सहा नगरं राखून ठेवलेली आहेत, त्यांच्यावरून हे नाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत फिरणारा शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्यासोबत गेला आणि 1874 मध्ये त्याचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत पोचला. आसरा मिळालेल्या पोराच्या हातून काय घडू शकतं ते बघा.

आता माझा दुसरा अडसर. यांच्याबद्दल बोलताना 'दया' म्हणावं का?

निवृत्त शिक्षक, उदगीर

दया दाखवता येते, टाकताही येते. कळवळा दाखवायला जमत नाही, तो येतो. तुकोबांनीही जात सांगितली ती कळवळ्याचीच.

पाळक, जालना

मराठी शुभवर्तमानातही तोच शब्द आहे. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला टाकलेला माणूस पाहून शोमरोन्याला, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या माणसाला, कळवळा आला. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यावरून बनलेलं आहे. आपल्याकडं लेकरू उपाशी दिसलं की बाई म्हणते, "आतडं तुटतं माझं." अगदी तेच. यहुदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, तरी त्याचं आतडं तुटलं. त्यानं जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, निघताना दोन दीनार दिले आणि वर लागेल ते परत येताना देतो म्हणाला. तू कुठला, कागद कुठं आहेत, हे त्यानं विचारल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. सरकारला ते विचारावं लागतं, ते मला मान्य आहे. मंडळीला आधी जखमा बांधायच्या आहेत, आणि मी मंडळीशी बोलणार आहे.

गृहिणी, परंडा

परवानगी आहे. सासूबाईंचं नाव नको, गावही नको. पण रविवारशाळेतल्या लेकरांना 'आश्रयार्थी' कळेल का?

पाळक, जालना

लेकरांना 'आसऱ्याला आलेला माणूस' म्हणून सांगतो. मोठ्यांच्या संदेशात निकालाआधी 'आश्रयार्थी', निकालानंतर 'निर्वासित'. उपासनेच्या छापील पानावर मध्यस्थीच्या प्रार्थनेत दोन्ही शब्द वेगवेगळे टाकतोय. पान गुरुवारी छपाईला जाईल, तोवर कुणाला काही सुचवायचं असेल तर जरूर लिहा.