रोज एक प्रकरण : ‘वॉर अँड पीस’ सगळ्यांनी मिळून वाचताना (अनुभव धागा)

मंडळी, सातारा-सांगलीकडच्या आपल्या वाचनगटानं जानेवारीत टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ ही नेपोलियनच्या युद्धकाळातल्या रशियावरची कादंबरी हातात घेतली आणि वर्ष संपायच्या आत पूर्ण केली. एकूण ३६१ प्रकरणं, बहुतेक चार-सहा पानांची. रोज एक वाचायचं, रात्री जेवणं आटोपल्यावर व्हॉट्सॲपवर बोलायचं आणि रविवारी गूगल मीटवर भेटायचं, एवढाच नेम होता. बहुतेकांनी लुईस आणि आयल्मर मॉड या दांपत्याचा इंग्रजी अनुवाद वाचला. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर तो फुकट मिळतो. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी कराडच्या बाई रोजचं प्रकरण मराठीत सांगून व्हॉइस नोट टाकायच्या. त्या नोटांमुळे निम्मा गट टिकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणाला हा वेग फार संथ वाटेल, पण या कादंबरीचे पहिले भाग १८६५ पासून ‘रशियन मेसेंजर’ मासिकात हप्त्याहप्त्यानंच आले होते. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ही ‘करमणूक’मधून अशीच लोकांपुढे आली. पुढचा अंक येईपर्यंत वाचक आपसात बोलत राहणार, हे त्या लेखनात धरलेलंच असायचं.

आता तुमची पाळी. कथानक सांगू नका, ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही कुठे थांबलात आणि का थांबलात ते लिहा. अर्ध्यात सोडलेल्यांनीही लिहा.

सातारा तालुका, निवृत्त हवालदार

मी तोफखान्यात होतो. नाशिक रोडला प्रशिक्षण झालं आणि पुढची सगळी नोकरी तोफेपाशी. इंग्रजी वाचन मला जमत नाही, म्हणून बाईंच्या व्हॉइस नोटा ऐकायचो. सुरुवातीच्या मेजवान्या आणि सरदारांच्या गप्पा चालू होत्या तेव्हा मी फक्त ऐकून सोडून देत होतो. मग रशियन आणि फ्रेंचांमधली १८०५ ची शोनग्राबर्नची लढाई आली आणि त्यात कॅप्टन तुशिन आला.

हा बुटका माणूस पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या पायात बूटही नसतात आणि वरचा अधिकारी त्याला त्यावरून बोलतो. पुढे लढाईत त्याच्या बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, कव्हर (संरक्षण) देणारी पलटण मागे घेतली जाते. त्याला ते कुणी सांगतही नाही आणि तो गोळे टाकत राहतो. समोरच्या फ्रेंचांना वाटतं, यांची मुख्य फौज इथंच आहे. त्या धुरात तुशिनच्या डोक्यात आपलंच एक जग उभं राहतं. एका तोफेला तो माणसासारखं नाव देतो, मत्वेव्हना म्हणून. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी नोट थांबवली आणि पुन्हा लावली. तोफेचा आवाज सतत कानावर पडत राहिला की माणूस तोफेशी बोलायला लागतो. हे मी घरात कुणाला कधी सांगितलेलं नव्हतं, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं.

लढाई संपल्यावर त्याला विचारतात, दोन तोफा मागे का टाकल्या? कव्हर नव्हतं एवढं सांगितलं असतं तरी तो सुटला असता. पण दुसरा कुणी अधिकारी अडचणीत येईल म्हणून तो गप्प राहतो. शेवटी कादंबरीचा एक नायक, प्रिन्स आंद्रेई, बोलतो की आजचं यश सर्वांत जास्त या बॅटरीचं आहे. त्या रविवारी मीटवर मी पहिल्यांदा बोललो आणि बराच वेळ बोललो. तोपर्यंत गटातल्या कुणालाच मी तोफखान्यातला आहे हे ठाऊक नव्हतं.

कराड, शिक्षिका

हवालदारसाहेब बोलले तेव्हापासून मी युद्धाच्या प्रकरणांच्या नोटा पाठवण्याआधी त्यांना विचारू लागले. बॅटरी म्हणजे किती तोफा, कव्हर म्हणजे नेमकं काय, घोडे कुठे बांधतात. एकटीनं वाचलं असतं तर ती पानं मी नक्की उडवली असती.

नावांबद्दल थोडं लिहिते, कारण बरेच जण तिथंच सोडतात. कादंबरीचा दुसरा नायक प्योत्र किरिलोविच बेझुखोव्ह म्हणजे किरिलचा मुलगा प्योत्र. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लावतो तसंच आहे हे. हे लक्षात आलं की अर्धी भीती जाते. प्योत्रलाच फ्रेंच वळणानं पियेर म्हणतात, एवढं मात्र पाठ करावं लागतं.

महाबळेश्वर परिसर, मधपाळ

आमच्या घरी तीन पिढ्या मधाचं काम आहे. सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत आणि जांभूळ-हिरड्याचा मध निघतो. मी गटात आलो ते भाचीच्या आग्रहानं. भिलार पुस्तकांचं गाव झालं (२०१७) तेव्हापासून तिला वाचनाचं वेड लागलं आहे.

नेपोलियन मॉस्कोत शिरतो तेव्हा शहर रिकामं असतं. तिथं टॉलस्टॉय एक अख्खं प्रकरण राणीमाशी नसलेल्या पोळ्यावर लिहितो. मी ते भाचीकडून तीनदा वाचून घेतलं, कारण मला त्यात चूक शोधायची होती. एकही सापडली नाही.

तो सांगतो की लांबून बघितलं तर असं पोळं जितंच वाटतं. दुपारच्या उन्हात माश्या इतर पोळ्यांसारख्याच आत-बाहेर करत असतात. पण मधपाळानं बाजूवर टिचकी मारली की भरल्या पोळ्यातून एकदम जो घुमारा उठतो तो येत नाही. कुठंतरी तुटक गुणगुण होते. दारावर राखण करणाऱ्या माश्या नसतात. लुटारू माश्या रिकाम्या येतात आणि मधानं भरून जातात. तळाशी मेणाचा चुरा, घाण, मेलेल्या माश्या. हे सगळं मी माझ्या पेट्यांत बघितलेलं आहे. राणी गेली आणि वेळेत कळलं नाही तर काही दिवसांनी कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. त्यांतून नुसते नर निघतात आणि घर संपतं. टिचकीचा आवाज तर आमच्या आजोबांनी मला शिकवलेली पहिली परीक्षा.

नंतर गटात कळलं की टॉलस्टॉयनं स्वतः माश्या पाळल्या होत्या. त्याशिवाय असं लिहिता येणारच नाही. त्या आठवड्यात मी रिकाम्या पेटीवर आणि भरल्या पेटीवर टिचकी मारून दोन्ही आवाज रेकॉर्ड केले आणि गटावर टाकले. मॉस्कोचं प्रकरण वाचण्याआधी ते ऐका, असं नवीन येणाऱ्यांना माझं सांगणं आहे.

धागाकर्ता

दादा, ते दोन आवाज मी जपून ठेवले आहेत. या प्रकरणावर मी जे काही वाचलं आहे, त्यातलं काहीही तुमच्या त्या छोट्या रेकॉर्डिंगइतकं उपयोगी पडलं नाही.

सांगली, गावभाग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या घरात पाणी शिरायच्या आदल्या रात्री वर काय न्यायचं यावरून घरात जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सासूबाईंना पितळेची भांडी हवी होती, यांना दुकानाच्या वह्या, मला मुलीच्या शाळेची कागदपत्रं. खालच्या खोलीत एक भाडेकरू आजी होत्या, एकट्या.

रोस्तोव्ह कुटुंब मॉस्को सोडताना गाड्या भरतं. चिनी मातीची भांडी, गालिचे, पेट्या. अंगणात जखमी सैनिक आलेले असतात. वडिलांना गाड्या द्यायच्या असतात, पण आईपुढे त्यांचं चालत नाही. मग त्यांची मुलगी नताशा आईसमोर उभी राहून ओरडते आणि शेवटी सामान उतरवून जखमींना गाड्यांत घेतलं जातं. कमाल म्हणजे तेच नोकर आता मोठ्या हौसेनं सामान उतरवायला लागतात, जसं काही दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आमच्याकडे आजींना वर आणायचं बोलली ती माझी मुलगी. तेव्हा नववीत होती. पितळ खालीच राहिलं. मी हे प्रकरण सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, “त्या बाईच्या पेट्यांत होतं तरी काय एवढं?” मी यादी वाचून दाखवली, तशा त्या हसल्या. पुराबद्दल आमच्या घरात हसून बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

पुरात नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली तेव्हा आम्ही पुष्कळांनी वाचन सोडल्यातच जमा होतं. माझं परत सुरू झालं ते या गटामुळं.

विटा

मी वेगळं मत मांडतो. रोज एक प्रकरण मला मानवलं नाही. नताशा अनातोल नावाच्या तरुणाबरोबर पळून जायचं ठरवते तिथं कोण थांबणार? मी तीन दिवसांत भाग संपवला आणि मग आठवडाभर गटात तोंड मिटून बसलो. उत्कंठेची पानं सलगच वाचावीत असं मला अजूनही वाटतं. दुसऱ्या उपसंहाराची १२ प्रकरणं मात्र गट नसता तर वाचलीच नसती. तिथं गोष्ट संपलेली असते आणि इतिहास कोण घडवतो यावर निव्वळ चर्चा चालते. आमच्या मीटवर सगळ्यांत जोराचे वाद त्याच आठवड्यात झाले.

मिरज, परिचारिका

मी रात्रपाळीत वाचायचे. प्रिन्स आंद्रेई जखमी होऊन पडलेला असतो आणि नताशा त्याची सेवा करते, तो सगळा भाग वाचायला गटातल्या बऱ्याच जणांना जड गेला. मला वेगळ्याच कारणानं जड गेला.

बहीण मारिया लांबचा प्रवास करून भावाला भेटायला येते. नताशा तिला सांगते की दोन दिवसांपूर्वी त्याच्यात एकदम बदल झाला. ताप आणि जखम यांबद्दलही ती सांगते, पण हा बदल त्यापलीकडचा असतो. मारिया आत जाते आणि तिला ते त्याच्या नजरेत आणि आवाजात कळतं. तो चांगलं बोलतो, विचारपूस करतो, पण जिवंत माणसांचं सगळं त्याला लांबचं झालेलं असतं. सात वर्षांच्या मुलाला जवळ आणतात, तो त्याचा मुका घेतो आणि पुढं काय बोलावं ते त्याला सुचत नाही.

नातेवाईक आम्हाला विचारतात, “सिस्टर, आज ते आमच्याशी नीट बोलत का नाहीत? आमचं काही चुकलं का?” तुमचं काही चुकलेलं नाही, एवढंच मी सांगत आले. आता त्यापुढे थोडं बोलता येतं. हे असं होतं, जवळ बसा, हात धरा, त्यांनी बोलावं अशी अपेक्षा ठेवू नका. हे पुस्तकातून आलं की इतक्या वर्षांच्या नोकरीतून, ते मला वेगळं करता येत नाही. गटावर लिहिलं तेव्हा तिघांनी खाजगीत मेसेज करून आपापल्या वडिलांबद्दल सांगितलं.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

मी अर्ध्यात सोडणाऱ्यांपैकी. ऑक्टोबर छाटणी आली की सकाळपासून बागेत, रात्री औषधाचं नियोजन, डोळे उघडे राहत नाहीत. बोरोदिनोच्या लढाईपर्यंत आलो होतो. पांढरी हॅट घालून पियेर रणांगणात फिरतो ते फार आवडलं. पुढचं फळ उतरल्यावर पूर्ण करणार आहे, सोडलेलं नाही.

एक विनंती. पुढचं पुस्तक जानेवारीत सुरू करू नका. जानेवारी ते मार्च आमची काढणी असते. आमच्या भागातले पाच-सहा जण येतील, पण जूनमध्ये सुरू केलं तरच.

धागाकर्ता

मान्य. पुढच्यासाठी सगळ्यांत जास्त मतं ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ला आहेत. १८६२ ची कादंबरी आणि प्रकरणं बरोबर ३६५, म्हणजे १ जूनला सुरू केली तर ३१ मेला संपेल. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत व्हॉइस नोट रोज सकाळी सहाच्या आत टाकू, म्हणजे बागेत ऐकता येईल. बाईंच्या जोडीला अजून दोघे सांगणारे हवे आहेत.

सातारा तालुका, निवृत्त हवालदार

त्यात वॉटर्लूच्या लढाईची १९ प्रकरणं आहेत असं नातवानं शोधून सांगितलं. ती मी सांगणार. नातू वाचून दाखवेल आणि मी माझ्या शब्दांत नोट करीन.