पार्किंगमधल्या नळाला कुलूप लावायचं का? (शनिवारची ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: नमस्कार. मे महिन्याच्या टँकरचा हिशोब फोटोत टाकलाय. बोअर नंबर दोन कालपासून नुसती हवा सोडतोय. त्यामुळे आजपासून पाणी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ८. सहकार्य करावे.

बी-५०३: सर, वेळा मान्य. मग पार्किंगमधला नळ दिवसभर उघडा कसा? काल तीन मावश्या कॅन भरून नेताना मी स्वतः पाहिल्या. टँकरचे पैसे आपण भरायचे आणि पाणी बाहेर जायचं. कुलूप लावा.

ए-२०१: +१

बी-१०४: बरोबर आहे. वॉचमनला सांगून ठेवा.

ए-७०२: दादा, त्यातल्या एक मावशी आमच्याकडे येतात. वीस लिटरचा निळा कॅन नेतात, तोही मला विचारून. त्यांच्या वस्तीत सार्वजनिक नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते पहाटे, आणि अख्ख्या गल्लीची रांग. पाण्याच्या दिवशी त्यांची आठवीतली मुलगी हंडे घेऊन रांगेत उभी राहते आणि तिचे शाळेचे पहिले तास बुडतात. मावशी उशिरा आल्या की आपण इथे लिहितो, "आज परत दांडी". त्या दांडीचं कारण हे आहे.

बी-५०३: ताई, वाईट मलाही वाटतं. पण वस्तीला पाणी पुरवणं सोसायटीचं काम नाही, आपल्यालाच पुरत नाही. माझं म्हणणं, तिसरा बोअर मारू आणि विषय संपवू. बोअरवाला आठशे फुटांपर्यंत जातो म्हणाला.

सी-१०१: तिसऱ्या बोअरवर बोलतो, कारण माझी सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भागात हाच काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि मधल्या भेगांत. तेवढीच जागा. पावसाळ्यात ती भरते, उन्हाळ्यात रिकामी होते. आठशे फुटांवर वेगळं तळं दडलेलं नाही. बऱ्याचदा खोल बोअर वरच्या थराचंच पाणी भेगांतून खाली ओढतो आणि शेजारची साठ फुटी विहीर कोरडी पडते. मागच्या गल्लीतल्या जुन्या घरांच्या विहिरी बघून या. आपल्या आणि बाजूच्या इमारती उठायच्या आधी त्यांना मेमध्येही पाणी असायचं.

सी-१०१: आणखी एक. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे चाललंय ते असं, की जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. म्हणजे ज्याच्याकडे खोल जायला पैसा, त्याचं. राज्याने २००९ चा भूजल अधिनियम केला, शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. तरी बोअरच्या गाड्या रात्रभर वाजतात, हे तुम्ही सगळे ऐकता.

बी-१०४: काका, पण सगळं पाणी शेतीच उपसते ना? आपण दोन बादल्या वाचवून काय होणार?

सी-१०१: देशात वर्षाला साधारण २४० अब्ज घनमीटर भूजल उपसलं जातं, जगात सर्वात जास्त. त्यातलं ८७ टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं, हे खरं. पण शेतकऱ्यावर खापर फोडू नका. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि घ्यायला कारखाना आहे. तूर-ज्वारीला तशी हमी कुठे? बऱ्याच पंपांची वीज मोजून घ्यावी लागत नाही. अशा हिशोबात माणूस ऊसच लावणार. राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीत ऊस अगदी थोड्या भागावर आणि सिंचनाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा त्याचा. ही धोरणाने केलेली टंचाई आहे. पाऊस कमी झाला एवढंच सांगून ती कळत नाही.

सी-२०४: काका, आता मी बोलतो. आम्ही लातूरचे. २०१६ मध्ये मी तिथेच होतो. मांजरा धरण कोरडं पडलं. त्याच खोऱ्यात ऊस आणि कारखाने वर्षानुवर्षं वाढत गेले होते. आधी नळाला महिन्यातून एकदा पाणी यायचं, मग नळच बंद झाले. पाणी भरायच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. टीव्हीवर ती गाडी सगळ्यांनी पाहिली.

सी-२०४: टीव्हीवर जे दिसलं नाही ते सांगतो. आमच्या गल्लीत ज्यांच्या गच्चीवर मोठी टाकी होती ते टँकर मागवून निभावले. एका खोलीत राहणाऱ्यांकडे पाणी साठवायलाच जागा नव्हती. टँकर आला तरी दोन घागरी आणि एक रंगाचा डबा, एवढंच भरायचं. रोजंदारीवाल्याने रांगेत थांबायचं की कामावर जायचं? बाहेरगावची क्लासची पोरं वसतिगृहं सोडून घरी गेली, मग खानावळी बंद पडल्या. माझ्या आईची एक मैत्रीण महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला जाऊ शकली नाही, कारण घरी पाणी भरणारं दुसरं कुणी नव्हतं. धरण एकच आटलं होतं, पण झळ प्रत्येकाला वेगळी बसली. म्हणून नळाला कुलूप म्हटल्यावर मला गप्प बसवत नाही.

ए-२०१: हे माहीत नव्हतं. माझं +१ मागे घेते.

बी-६०१: माझं माहेर शहापूर. तानसा, मोडकसागर, भातसा सगळं आमच्या आसपास. मुंबई त्यावर जगते आणि धरणाशेजारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. माझ्या मामी अजून डोंगर उतरून पाणी आणतात. डोक्यावर दोन हंडे, कडेवर एक. गुडघे गेलेत त्यांचे. पाणी बाईच्याच अंगावर येतं, गाव असो की वस्ती.

बी-५०३: मी कुणाच्या विरोधात नाही हो. पण टँकरचं बिल बघा ना. ते कुठून येणार?

सी-२०४: दादा, टँकरचं पाणीही कुठून तरीच येतं. काल ड्रायव्हरशी बोललो. नगर रस्त्याकडच्या एका गावातली विहीर आहे. मालकाने या उन्हाळ्यात भाजीपाला लावलाच नाही. पाणी विकून त्याला जास्त सुटतं. त्या शेतावर खुरपणीला येणाऱ्या बायकांची कामं गेली आणि गावातले हापसे आटत चाललेत. म्हणजे आपण दहा हजार लिटर मागवतो तेव्हा ते कुणाच्या तरी तोंडचं असतं.

ए-४०५: पाणी आणि कुलूप हे शब्द शेजारी आले की मला महाड आठवतं. २० मार्च १९२७. सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला. आपल्याकडे पाणी कमी पडलं की आधी कुणाला हटकलं जातं, ते बघा. मावश्यांचा कॅन दिसला, पण ए विंगची गच्चीवरची टाकी आठवडाभर वाहतेय ती कुणाला दिसली नाही.

सेक्रेटरी: बॉलकॉक खराब आहे. प्लंबर आज येणार होता.

ए-४०५: सर, तीन कॅन म्हणजे साठ लिटर. टाकी अर्धा तास वाहिली तर त्याच्या कितीतरी पट जातं. आणि पाइप लावून गाड्या धुणं अजून चालू आहे, तिन्ही विंगमध्ये.

बी-१०४: गाडीचं माझ्याकडूनही होतं. उद्यापासून ओल्या फडक्याने पुसायला सांगतो.

सेक्रेटरी: काका, तिसरा बोअर नको म्हणता, मग करायचं काय? जूनपर्यंत टँकर चालूच ठेवावे लागतील.

सी-१०१: टँकर या महिन्यात बंद होणार नाहीत. पण हिशोब करा. तिन्ही विंगची गच्ची मिळून साधारण १,२०० चौरस मीटर. आपल्याकडे पाऊस वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे ८ लाख ४० हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी पावणेसात लाख उरतात, ६७ टँकर. आज ते पन्हाळीतून थेट गटारात जातंय. गाळणखड्डा करून ते बोअरजवळ मुरवायचं. पहिल्या सरीचं घाण पाणी मात्र सोडून द्यायचं. पूर्ण परत मिळेल असं सांगणार नाही, खडक सगळं सांभाळत नाही. पण शेजारच्या विहिरींनाही त्यातलं पोचेल.

सी-१०१: दुसरं, प्रत्येक फ्लॅटला मीटर. म्हणजे वापराचा हिशोब लागेल. हिवरे बाजार गावाने असाच पाण्याचा ताळेबंद मांडला. शेतीसाठी बोअर बंद, ऊस आणि केळी बंद, पाऊस किती पडला त्यावर पीक ठरवायचं. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीत तर घरातल्या माणसांवर पाण्याचा वाटा ठरायचा, भूमिहीनालाही हक्क होता. दुष्काळी गावांनी हे करून दाखवलंय. आपल्याकडे अजून कोण किती वापरतं हेसुद्धा माहीत नाही.

बी-५०३: मीटरला माझी हरकत नाही, उलट हवेतच. आम्ही दोघंच राहतो आणि भरतो सहा जणांच्या घराइतकंच. खड्ड्याच्या खर्चाचं मात्र तीन कोटेशन घेऊनच. आणि नळाचं म्हणाल तर काहीतरी नियम हवा, नाहीतर उद्या बाहेरचं कुणीही येईल.

ए-७०२: नियम मान्य. सोसायटीत काम करणाऱ्या मावश्या, वॉचमन, सफाईवाले दादा, प्रत्येकी रोज एक कॅन. वहीत सही वगैरे नको. वॉचमन सगळ्यांना ओळखतो.

सी-२०४: +१. आणि वस्तीच्या नळासाठी नगरसेवकाकडे अर्ज आपण लिहून देऊ. मावश्यांनी सह्या गोळा करायच्या, आपणही करायच्या. आपल्या लेटरहेडवर गेला तर दखल घेतली जाईल.

सेक्रेटरी: ठीक. नळ उघडा राहील, वॉचमनशी बोलतो. मीटर आणि गाळणखड्डा हे दोन्ही विषय पुढच्या रविवारच्या सभेत. बोअरचा विषय तूर्त बाजूला. अर्जाचा मसुदा ए-७०२ ताईंनी करावा. काका, गच्चीचं माप पक्कं लागेल.

सी-१०१: उद्या सकाळी सातला टेप घेऊन येतो. एकट्याने होणार नाही, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं.

बी-५०३: मी येतो काका. किल्ली माझ्याकडेच आहे.