व्हिक्टोरियन पबमध्ये रिअल एल: कुठला पब निवडावा, ऑर्डर कशी द्यावी?

भटकी_चप्पल

नोव्हेंबरमध्ये चार दिवस लंडन आणि दोन दिवस मँचेस्टर असा बेत आहे. मोठ्या पडद्यावर मॅच लावलेले साखळी पब नकोत. गल्लीतल्या लोकांचा, व्हिक्टोरियन काळातला, नक्षीदार काचा आणि जुनं लाकूडकाम शाबूत असलेला पब बघायचाय, तिथली रिअल एल (पिंपातच मुरणारी पारंपरिक ब्रिटिश बिअर) प्यायची आहे आणि एक वेळ जेवायचंही तिथेच आहे. आम्ही तिघं: एक बिअर पिणारा, एक पक्की शाकाहारी (अंडंही चालत नाही) आणि बारा वर्षांचा मुलगा. ऑर्डर नेमकी कशी देतात? ही बिअर कोमट आणि बिनफेसाची असते म्हणतात, मग चांगली कुठली आणि बिघडलेली कुठली हे नवख्याने कसं ओळखायचं? मुलाला आत घेतात का?

पिंपवाला

आधी "कोमट" हा शब्द डोक्यातून काढा. रिअल एल तळघराच्या तापमानाला, म्हणजे ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. बर्फासारख्या लागरची (आपल्याकडच्या नेहमीच्या बिअरची) सवय झालेल्या जिभेला ती गरम वाटते, इतकंच. ग्लास हाताला गार लागायलाच हवा. लागला नाही तर तळघरात काहीतरी बिनसलंय, नाहीतर नळीत रात्रभर पडून राहिलेली बिअर तुमच्या वाट्याला आली आहे. पिंपापासून पंपापर्यंतच्या नळीतली ही शिळी बिअर पब उघडताना ओतून टाकायची असते. काटकसरी मालकाचा हात तिथे आखडतो. म्हणून पब उघडल्या उघडल्या पहिलं गिऱ्हाईक होऊ नका.

केगमधली, म्हणजे वायूच्या दाबाखालच्या बंद पिंपातली, बिअर बहुतेक वेळा गाळून यीस्ट काढलेली असते आणि बाहेरून सोडलेल्या वायूच्या दाबावर नळाला येते. रिअल एलच्या पिंपात, म्हणजे कास्कमध्ये, यीस्ट जिवंत असतं. आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात पुरा होतो आणि बिअर वर येते ती हाताच्या जोरावर, आपल्या हापशासारखी. त्यामुळे ब्रुअरी कितीही नावाजलेली असली तरी ग्लासात काय येणार हे तळघर सांभाळणाऱ्यावर ठरतं.

नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन: ९ गॅलन, सुमारे ४१ लिटर, ७२ पाइंट (एक पाइंट म्हणजे ५६८ मिली). तळघरात ते आडवं ठेवून पाचरी मारतात, म्हणजे हलत नाही. वरच्या बुचात स्पाइल नावाची लाकडी खुंटी ठोकतात. आधी सच्छिद्र, मऊ लाकडाची. तिच्यातून जादा वायू फसफसत निघून जातो. फसफस थांबली की कडक खुंटी, म्हणजे उरलेला वायू आत टिकतो. जिभेवर जी हलकी चुणचुण जाणवते ती याच वायूची. यीस्टचा गाळ खाली बसायला साधारण एक-दोन दिवस द्यावे लागतात. घाई केली की बिअर गढूळ आणि कच्ची लागते. तोटी ठोकल्यावर उलटी शर्यत सुरू होते: जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा पिंपात शिरते. पिंप तीनेक दिवसांत संपायला हवं. पुढे चव आधी सपाट होते, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी, शेवटी व्हिनेगरकडे झुकते.

आता हिशोब करा. दहा पंप म्हणजे दहा फर्किन, ७२० पाइंट, तीन दिवसांत. पब ओस पडलेला असेल तर हे जमणार कसं? गजबजलेला, तीन-चारच पंप असलेला पब निवडा.

गल्लीबोळ

पंपांपेक्षा माणसं मोजा, एवढीच दुरुस्ती. मँचेस्टरला रॉचडेल रोडवरचा मार्बल आर्च (१८८८) बघाच. पंप पुष्कळ, पण खपही तसाच. १९९७ मध्ये त्यांनी स्वतःची ब्रुअरी सुरू केली. भिंतींवर चकचकीत फरशा, वर पेयांच्या नावांची पट्टी, आणि मोझेकची जमीन दारापासून बारकडे चक्क उतरती. हातात भरलेला ग्लास असेल तर पायाखाली लक्ष ठेवा. तिथून ट्रेनने लिव्हरपूल तासाभराच्या आत आहे. तिथल्या फिलहार्मोनिक डायनिंग रूम्सना २०२० मध्ये ग्रेड वन, म्हणजे जुन्या वास्तूंना मिळणारं सर्वोच्च दर्जाचं, संरक्षण मिळालं. पुरुषांच्या स्वच्छतागृहातल्या गुलाबी संगमरवरी मुताऱ्या तर प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत आहेत, हसू नका.

लंडनमध्ये दोन. होबर्नचा प्रिन्सेस लुईस १८७२ चा, आतली सजावट १८९१ ची: कोरीव काचा, आरसे, आणि बारभोवती लाकडी पडद्यांनी केलेले छोटे कप्पे. व्हिक्टोरियन पबात वर्गावर्गांचं बसणं वेगळं असे. मजुरांचा पब्लिक बार, जरा बऱ्या कपड्यांचा सलून बार, कुणाच्या नजरेस पडायचं नसेल त्यांच्यासाठी स्नग. बहुतेक ठिकाणी या भिंती पाडून एक मोठी खोली केली गेली. इथे त्या पुन्हा उभारल्यात. बिअर मात्र सगळी एकाच ब्रुअरीची. त्या ब्रुअरीने २०१९ मध्ये आपल्या पबांत मोबाइल-लॅपटॉपला मनाई केली, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा.

दुसरा ब्लूम्सबरीतला द लॅम्ब, लॅम्ब्ज कॉन्ड्युइट स्ट्रीटवर. तिथे स्नॉब स्क्रीन शिल्लक आहेत. बारच्या कठड्यावर, चेहऱ्याच्या उंचीला, नक्षीदार काचेच्या छोट्या फिरत्या झडपांची रांग. गिऱ्हाईक झडप किंचित फिरवून ऑर्डर देई आणि लावून घेई. पलीकडच्याला फक्त हात आणि ग्लास दिसे. मूळच्या फार थोड्या उरल्यात. हात लावण्याआधी विचारलेलं बरं, बिजागऱ्या म्हाताऱ्या आहेत.

ऑर्डर: टेबलाशी बसून वाट बघू नका, कुणी येत नाही. बारपाशी जाऊन उभं राहायचं. रांग बहुधा दिसत नाही, पण कोण आधी आलं हे बारमागच्या माणसाला आणि बाकी गिऱ्हाइकांनाही ठाऊक असतं. आपल्या आधीच्याला सोडून आपल्याला विचारलं तर त्याच्याकडे बोट दाखवायचं. नोटा फडकवणं, चुटक्या वाजवणं अजिबात नको. सगळ्यांचं एकदम सांगा, लगेच पैसे द्या. गिनेस (काळी आयरिश बिअर) हवी असेल तर ती सगळ्यात आधी सांगा, तिला बसायला वेळ लागतो. टीप द्यावी लागत नाही. जाताना रिकामे ग्लास बारवर नेऊन ठेवलेत तर लक्षात राहाल.

मुलाचं: कायद्याने सोळाखालच्या मुलासोबत मोठं माणूस हवं. पण प्रत्येक पबाचे स्वतःचे नियमही असतात. कुठे संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर मुलं नाहीत, कुठे फक्त जेवणाच्या खोलीत, काही लहान पबांत अजिबात नाहीत. फोन करून विचारा, मुलाला बारपाशी उभं राहू देत नाहीत हे गृहीत धरा.

ताटवाटी

अंडंही नको असेल तर मेनूवरची "व्ही" (व्हेजिटेरियन) खूण पुरेशी नाही, थेट वेगन खुणेचा पदार्थ मागा. कारणं सांगते. यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, रोस्टबरोबर मिळणारा फुगीर भाजलेला पदार्थ) अंड्याचं, शिवाय ते बरेचदा गोमांसाच्या चरबीत भाजतात. नट रोस्ट (सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ) बांधायला अंडं घालतात. मशरूम पायचं आवरण चकाकावं म्हणून वरून अंड्याचा हात फिरवतात, आणि सूट पेस्ट्री असेल तर तिच्यात चरबीच. चिप्स (बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी) तर सगळ्यात फसव्या: उत्तरेकडे काही ठिकाणी त्या बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, तळतात, आणि तेल वनस्पतींचं असलं तरी त्याच कढईत मासा तळलेला असू शकतो. "चिप्स वेगळ्या फ्रायरमध्ये तळता का?" एवढं एकच वाक्य पाठ करा. प्लाउमन्स लंच, म्हणजे ब्रेड, चेडर, कांदा, लोणचं, चालण्यासारखं आहे. हॅम नको म्हणून सांगा आणि चीज वासराच्या रेनेटचं (वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याचं) नाही ना ते विचारा. पोर्क स्क्रॅचिंग्ज हे डुकराच्या कातडीचे तळलेले तुकडे. पाकीट वेफर्सच्या पाकिटासारखंच दिसतं, मुलाला आधीच सांगून ठेवा.

मांसाहारी माणसाने स्टेक अँड एल पाय मागवावा, पण चौफेर पेस्ट्री आहे की वाडग्यातल्या रश्श्यावर नुसतं टोपण, ते विचारून. दुसऱ्याला पाय म्हणायचं धाडस मला होत नाही.

स्वयंपाकघराची वेळ पबाच्या वेळेपेक्षा वेगळी असते. पुष्कळ ठिकाणी दुपारी अडीच-तीनला बंद, मग सहानंतर नऊपर्यंत. सोमवारी कधीकधी पूर्ण सुट्टी. संडे रोस्ट (रविवारचं खास भाजलेल्या मांसाचं जेवण) बाराला सुरू होतो आणि संपला की संपला. टेबल राखून ठेवा. ऑर्डर देताना टेबलाचा नंबर विचारतात, तो बघून मगच बारवर जा.

भटकी_चप्पल

सगळ्यांचे मनापासून आभार. बिघडलेली बिअर परत कशी करायची? भांडण नको. आणि ती गढूळ असेल तर बिघडलेलीच समजायची का?

पिंपवाला

गढूळपणावरून लगेच निकाल देऊ नका. बिअर निवळावी म्हणून बरेच ब्रुअर पिंपात आयसिंग्लास घालतात. तुरटी पाण्यात जे काम करते तेच हे करतं, फक्त ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनवतात. काही ब्रुअर ते मुद्दाम घालत नाहीत. अशा पिंपावर "अनफाइन्ड" लिहिलेलं असतं आणि बिअर धुरकट असणं रास्तच. साधी बिटर (रिअल एलचा नेहमीचा, किंचित कडवट प्रकार) मात्र काचेसारखी नितळ हवी. ती गढूळ असेल तर पिंपाचा तळ आलाय, किंवा कुणीतरी संपत आलेलं पिंप उशिरा आणि धसमुसळेपणाने कलतं केलंय.

नाकाने ठरवा. व्हिनेगरचा वास, किंवा पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा जड वास आला तर परत. एक-दोन घोटांतच उठा, ग्लास बारवर ठेवा आणि "ही जरा बिघडल्यासारखी वाटते, बघाल का?" एवढंच म्हणा. चांगला पब हुज्जत न घालता दुसरी देतो. अर्धा ग्लास संपवून गेलात तर तुमची बाजू लंगडी. कडू लागली, कोमट वाटली ही कारणं चालत नाहीत. त्यासाठी आधीच घोटभर चव मागा, कास्कची बिअर बहुतेक जण चाखायला देतात.

पहिला ग्लास अर्धा पाइंट (२८४ मिली) घ्या. ४ टक्क्यांच्या आसपासची बिटर किंवा बेस्ट बिटर बरी. मँचेस्टरकडे पंपाच्या तोंडाला स्पार्कलर नावाची बारीक भोकांची टोपी असते, तिने साईसारखा दाट फेस येतो. लंडनमध्ये ती सहसा नसते, म्हणून तिथली बिअर बिनफेसाची दिसते. दोन्ही बरोबर. फेसापायी माप कमी वाटलं तर "टॉप-अप" मागा, ते देतात. ग्लासावर रेघ असेल तर बिअर रेघेपर्यंत हवी, फेस तिच्या वर.

हातपंप दिसला म्हणजे कास्कच असेल असं नाही. हल्ली काही कंपन्या केगमधली बिअरही हातपंपाला जोडतात. पंपावरच्या पाटीवर "कास्क" शब्द बघा. आणि पाटी उलटी फिरवलेली दिसली तर ते पिंप संपलंय.