मदत हवी आहे: वर्डप्रेसच्या लेखात दुसरे पान आयफ्रेमने दिसत नाही

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या चोडण बेटावरची. इथली खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते), मानस (त्या बांधांतली पाणी सोडायची दारे), तिवरांतले पक्षी यांवर आम्ही चार मैत्रिणी मिळून मराठीत लिहितो. वर्डप्रेस, म्हणजे अनुदिनी चालवायची प्रणाली, भाड्याच्या होस्टिंगवर टाकले आहे, वर्डप्रेस डॉट कॉमवर नाही. माझे खाते 'ऑथर' दर्जाचे, अ‍ॅडमिन दुसरी मैत्रीण.

अडचण अशी. बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यावर काहीही लिहिले की भरती-ओहोटीची वेळ सांगावीच लागते. होडी तिवरांच्या आत शिरते ती भरतीला. तुतवार आणि बगळे चिखलात टिपायला उतरतात ते सुकतीला, म्हणजे ओहोटीला. म्हणजे होडीवाल्याला एक वेळ हवी आणि दुर्बीणवाल्याला दुसरी. त्यात ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तक्त्याचा फोटो चिकटवून भागत नाही. मागे मी तेच केले होते. एक कुटुंब तो शिळा फोटो बघून रायबंदरहून फेरीने आले, सोबत म्हातारी आजी. समोर नुसता चिखल. दोन तास धक्क्यावर बसून राहिले बिचारे. मला कोणी दोष दिला नाही, पण ते मनाला फार लागून राहिले आहे. म्हणून आता लेखात चालू तक्त्याचे पानच हवे.

दोन पाने बसवायची आहेत: एक भरती-ओहोटीचे, दुसऱ्याच संकेतस्थळावरचे. दुसरे आमच्या पक्षी-नोंदींचे. ते पुतण्याने बनवून दिले आहे आणि एका जुन्या होस्टिंगवर पडून आहे.

आधी 'कस्टम एचटीएमएल' ब्लॉकमध्ये आयफ्रेमचा (लेखात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीचा) टॅग टाकला. लेख जतन केला की टॅग गायब. मग मैत्रिणीने 'आयफ्रेम' नावाचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची जादा सोय) घातले. चौकोनी कंसात आयफ्रेम, पुढे पानाचा पत्ता, रुंदी १०० टक्के, उंची ६००, असा शॉर्टकोड लिहिला. भरतीच्या पानाच्या जागी करडा चौकोन येतो आणि 'कनेक्ट होण्यास नकार दिला' असे म्हणतो. नोंदींच्या पानाच्या जागी पांढरी रिकामी जागा. त्याच शॉर्टकोडने ओपनस्ट्रीटमॅपचा चोडणचा नकाशा मात्र लगेच दिसला! कॅश पुसून झाली, दुसरे प्लगइन लावून झाले, फोनवर पाहून झाले. फरक नाही. कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १
ताई, नकाशा दिसतो म्हणजे प्लगइन आणि शॉर्टकोड दोन्ही ठीक आहेत. टॅग गायब होतो तो तुमच्या दर्जामुळे: ऑथरने लिहिलेल्या मजकुरातून वर्डप्रेस आयफ्रेम काढून टाकते, अ‍ॅडमिन किंवा एडिटरचे ठेवते. आता संगणकावर लेख उघडा, एफ १२ दाबा, 'कन्सोल' मध्ये लाल अक्षरांत काय येते ते इथे लिहा.

धागाकर्ती
पाहिले. भरतीच्या पानासाठी 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' आणि 'सेमओरिजिन' असे शब्द आहेत. नोंदींच्या पानासाठी 'मिक्स्ड कंटेंट'.

प्रतिसाद १
मग दुखणी दोन आहेत.

भरतीवाल्यांचा सर्व्हर पानासोबत निरोप धाडतो की हे पान फक्त आमच्याच संकेतस्थळावर चौकटीत दाखवा. तो निरोप ब्राउझर पाळतो, त्यामुळे कुठलेही प्लगइन आणले तरी उपयोग नाही. काही ठिकाणी हेच काम 'फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स' नावाच्या नियमाने करतात. हे उगाच केलेले नसते. दुसऱ्याचे पान अदृश्य चौकटीत ठेवून त्यावर वाचकाला नकळत क्लिक करायला लावणारे भामटे असतात, त्यांच्यापासूनचे हे संरक्षण आहे. ते पान आपल्या सर्व्हरवरून ओढून दाखवणारी प्लगइने मिळतील, पण ती वापरू नका. मालकाने नाही म्हटले आहे. त्यांच्याकडे चौकटीसाठी वेगळा कोड आहे का ते पाहा किंवा परवानगी मागा.

नोंदींचे पान एचटीटीपीवर आहे आणि तुमची अनुदिनी एचटीटीपीएसवर. सुरक्षित पानात असुरक्षित चौकट ब्राउझर उघडतच नाही. जुन्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये एचटीटीपीएससाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे फुकट प्रमाणपत्र मिळते का पाहा, मग शॉर्टकोडमधला पत्ता बदला.

प्रतिसाद २
भरतीसाठी आयफ्रेमचा नाद सोडा असे मी सुचवेन. आठवड्याच्या वेळांचा साधा तक्ता करा आणि त्याचा 'सिंक्ड पॅटर्न' बनवा (वर्डप्रेस ६.३ च्या आधी त्याला 'रियूजेबल ब्लॉक' म्हणत). तो सगळ्या लेखांत घाला. दर रविवारी एका जागी आकडे बदलले की जुन्या-नव्या सगळ्या लेखांत बदलतात. तक्त्यावर 'अमुक तारखेपर्यंत' असे ठळक लिहा आणि खाली मूळ पानाचा दुवा द्या. तुमच्या त्या आजींसारखी वेळ पुन्हा कोणावर येणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पॅटर्न आजच केला, जुन्या अकरा लेखांत घातला. फोटो सगळे काढून टाकले. अंतिम तारीख लाल अक्षरांत तक्त्याच्या वरच लिहिली आहे. मूळ संकेतस्थळाला परवानगीचे पत्रही पाठवले.

पुतण्याने प्रमाणपत्र बसवले आणि नोंदींचे पान दिसू लागले! आता एकच राहिले. फोनवर चौकट ६०० उंचीची राहते, आतला तक्ता त्याहून लांब. बोट चौकटीत अडकते आणि लेख पुढे सरकत नाही. आमचे बरेच वाचक फेरीत उभ्या उभ्या फोनवर वाचतात, त्यामुळे हे सुटायला हवे.

प्रतिसाद १
दोन्ही पाने वेगवेगळ्या डोमेनवर असल्यामुळे बाहेरच्या पानाला आतली उंची मोजता येत नाही, ब्राउझर ते करू देत नाही. पण आतले पान तुमचेच आहे, हे बरे. त्यात 'पोस्टमेसेज'ने स्वतःची उंची कळवणारी छोटी स्क्रिप्ट टाकायची, आणि अनुदिनीत ती ऐकून चौकट ताणणारी दुसरी. ऐकणाऱ्या स्क्रिप्टने निरोप नेमका त्याच डोमेनवरून आला आहे का ते तपासलेच पाहिजे. किंवा नोंदींचे पान अनुदिनीच्याच डोमेनवर हलवा, मग काम सोपे होईल.

धागाकर्ती
हलवायला पुतण्याला दिवाळीपर्यंत सवड नाही. तोवर त्या दोन स्क्रिप्टचा चालणारा नमुना कोणाकडे असेल तर इथे द्याल का? अ‍ॅडमिन मैत्रीण रविवारी चोडणला येते आहे, तेव्हाच बसवून घेईन.