इपानेट पायथॉनमधून टप्प्याटप्प्यानं चालवायचंय, टाकीची पातळी दर वेळी मूळपदावर येते

पंचगंगाकाठ:
कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका भागाच्या पाणीपुरवठ्याचं मॉडेल आहे, इपानेट २.२ मध्ये (नळजाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारी प्रणाली). एक उंच टाकी, पुरवठा पहाटे ५ ते ८, दोन गल्ल्यांना दोन थ्रॉटल व्हॉल्व्ह (प्रवाह दाबून धरणारे). टाकीत १.५ मीटरपेक्षा कमी पाणी उरलं, किंवा खालच्या गल्लीचा लिटरचा कोटा संपला, की तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कोट्याची अट फाइलमधल्या कंट्रोलमध्ये (व्हॉल्व्ह आपोआप उघडण्या-मिटण्याच्या साध्या अटींमध्ये) बसत नाही. म्हणून दर १५ मिनिटांसाठी इनपुट फाइल नव्यानं लिहून इंजिन चालवतो, पण टाकी पुन्हा ३ मीटरवरच सुरू होते. चालू गणितात मधेच हात घालता येतो का?

नोडमास्तर:
येतो, टूलकिट (इपानेटचं इंजिन कोडमधून चालवायची फंक्शनं) त्यासाठीच आहे. फाइल एकदाच उघडायची. क्रम असा: क्रिएट-प्रोजेक्ट, ओपन, ओपन-एच, इनिट-एच. मग लूप: रन-एच (त्या क्षणाचे प्रवाह-दाब सोडवतं), व्हॉल्व्हचा प्रवाह वाचा, नेक्स्ट-एच (वेळ पुढच्या टप्प्यावर नेतं), टाकीची पातळी वाचा, निर्णय घ्या, पुन्हा रन-एच. नेक्स्ट-एचनं शून्य दिलं की थांबा.

रन-एच आणि नेक्स्ट-एच यांच्या मध्ये व्हॉल्व्ह बदलू नका. त्या टप्प्याचे प्रवाह रन-एचमध्ये ठरून गेलेले असतात; तुमचा बदल पुढच्या टप्प्याला लागतो. नेक्स्ट-एचनंतर बदललात तर त्याच क्षणापासून लागू.

आणि टप्पा ९०० सेकंदांचाच धरू नका. टाकी मधेच रिकामी होणार असेल तर इंजिन ५६० सेकंदांवरही थांबतं. लिटर काढताना नेक्स्ट-एचनं परत दिलेले सेकंद घ्या. प्रवाहाचं एकक एलपीएस (सेकंदाला लिटर) असेल तर प्रवाह गुणिले सेकंद म्हणजे थेट लिटर. एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) असेल तर आधी ११.५७४ नं गुणा.

पंचगंगाकाठ:
लूप चाललं, धन्यवाद. पण टँक-लेव्हल वाचली की कायम ३.०० येते. आणि व्हॉल्व्ह बंद केला तरी पुढच्या टप्प्यात उघडतोय.

नोडमास्तर:
टँक-लेव्हल म्हणजे सुरुवातीची पातळी, चालू नव्हे. टाकीच्या नोडचं (मॉडेलमधल्या तिच्या बिंदूचं) प्रेशर वाचा. मेट्रिक एककांत तो आकडा म्हणजेच तळापासूनचे मीटर.

व्हॉल्व्ह उघडतोय कारण फाइलमध्ये जुने कंट्रोल उरलेत. रन-एच सोडवायच्या आधी ते लावतं आणि तुमचा हुकूम पुसतं. कंट्रोल आणि रूल्स दोन्ही विभाग रिकामे करा. कोडमधून काढायचे तर शेवटच्या क्रमांकापासून, कारण एक काढला की पुढचे क्रमांक सरकतात.

उंचटाकी:
मास्तरांच्या उत्तरात एक भर. थ्रॉटल व्हॉल्व्ह बंद करायला स्टेटस ० ठीक आहे, पण उघडायला स्टेटस १ देऊ नका. त्यानं लॉस कोएफिशंटचं (व्हॉल्व्ह किती अडथळा करतो त्याच्या आकड्याचं) सेटिंग पुसलं जातं आणि व्हॉल्व्ह सताड उघडा धरला जातो. उघडताना सेटिंगचाच आकडा द्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. डिमांड मॉडेल मूळचंच ठेवलंत तर प्रेशर उणे गेलं तरी इंजिन पूर्ण मागणी पुरवल्याचं दाखवतं, म्हणजे तुमचा कोटा खोटा. ओपननंतर, इनिट-एचच्या आधी सेट-डिमांड-मॉडेलनं पीडीए (दाबानुसार मागणी पुरवणारं मॉडेल) लावा: किमान दाब ० मीटर, आवश्यक दाब ७ मीटर (एकमजली घरांचा पूर्वापार निकष), घातांक ०.५. रन-एचचा परतावा कोडही तपासा. ६ म्हणजे उणे प्रेशरचा इशारा, ११० म्हणजे समीकरणं सुटलीच नाहीत.

पंचगंगाकाठ:
जमलं, पातळी आता खाली सरकताना दिसते. कोट्याचे ४० पर्याय एकदम चालवायचे तर?

नोडमास्तर:
प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामाला) वेगळा प्रोजेक्ट हँडल (क्रिएट-प्रोजेक्टनं दिलेली ओळख) आणि रिपोर्ट-आउटपुट फाइलला वेगळं नाव. जुनी, हँडल न घेणारी फंक्शनं चुकूनही मिसळू नका, ती सगळी एकाच सामायिक प्रोजेक्टवर चालतात. निकाल फाइलमध्ये नको असतील तर इनिट-एचला ० द्या.

उंचटाकी:
याच लूपमध्ये पंप अचानक बंद करून वॉटर हॅमर (प्रवाह एकदम थांबल्यानं उठणारी दाबाची लाट) बघायला जाऊ नका. काळम्मावाडी धरणावरून कोल्हापूरला येणाऱ्या लाइनीसारख्या लांब लाइनवर तो प्रश्न खरा आहे, पण इपानेट प्रत्येक टप्पा स्थिर प्रवाह धरून सोडवतं. दाबाची लाट त्यात येतच नाही. त्याला ट्रान्झिएंटचं (क्षणिक बदलांचं) वेगळं इंजिन लागतं.