मदत हवी आहे : वाड्यामागचा गोठा आणि कोठार पाडावे की दुरुस्त करावे?

सर्वांस नमस्कार.

वाई तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांचा आणि आमचा सामाईक असा दोन चौकांचा वाडा आहे. देवडी, सदर, माजघर आणि माडी हा पुढचा भाग बऱ्या स्थितीत असून धाकटे काका-काकू तिथे राहतात. प्रश्न मागचा आहे. मागच्या चौकाला लागून परसात आठ खणांचा गोठा, त्याला काटकोनात जोडलेले कोठार आणि आडाजवळचे न्हाणीघर आहे, आणि त्यांचे काय करायचे याचा निर्णय दिवाळीत सगळे जमतील तेव्हा घ्यायचा आहे. थोरल्या काकांचे म्हणणे असे की जनावरे गेली, धान्य दोन पत्र्याच्या पिंपांत मावते, तेव्हा मागचे सगळे उतरवून सागवान विकावे आणि त्या पैशांत पुढच्या वाड्याचे छप्पर करून घ्यावे. हिशेब म्हणून त्यात चूक काढता येत नाही.

माझी अडचण अशी की हे घर मागच्या बाजूने चालत असे. गाडी मागच्या दिंडीशी, म्हणजे लहान दरवाजाशी, लागायची, पोती माडीवर नेऊन धान्य भिंतीतल्या बळदात वरून ओतले जायचे आणि लागेल तसे खाली कोठारातल्या भोकातून काढून घेतले जायचे. ते भोक आणि त्याची लाकडी खुंटी अजून शाबूत आहे. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. मागच्या महिन्यात तो पुन्हा पाहून आलो. वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेली म्हणून दाखवतात त्या घंटेपाशी, नेहमीप्रमाणे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मी मात्र एकेक चौक ओलांडताना बैठकीचा भाग मागे पडून घरकामाचा भाग कसा लागत जातो तेवढेच पाहत होतो. आमचा वाडा त्यापुढे काहीच नाही, पण रचनेमागचा विचार तोच दिसतो.

आता गोठ्याच्या वयाविषयी. काकांच्या मते तो आजोबांच्या वडिलांनी बांधला, म्हणजे फार जुना नाही. त्यांच्या बाजूने एक पुरावा आहे : गोठ्याची भिंत मुख्य वाड्याच्या भिंतीत गुंफलेली नाही, नुसती टेकवलेली आहे, आणि सांध्यातून बोट आत जाते. छपरावर मंगळुरी कौले आहेत, पण त्यावरून काही ठरत नसावे, कारण ही कौले मंगळुरात १८६५ पासून बनू लागली आणि जुनी नळीची कौले काढून ती घालण्याची चाल गावोगाव पडली. उलट बाजूने पाहता, तीन तुळयांवर वाकसाने तासल्याच्या खुणा स्पष्ट आहेत, करवतीच्या नाहीत, म्हणजे लाकूड जुने असावे. मात्र त्याच तुळयांना कशाचाच जोड नसलेल्या रिकाम्या खाचा आहेत. याचा अर्थ हे लाकूड आधीच्या एखाद्या इमारतीतून काढून इथे पुन्हा वापरले, असा मी लावतो. कोठाराच्या विटा माजघराच्या विटांसारख्याच पातळ आहेत, गोठ्याच्या जाड आहेत. म्हणून कोठार मूळचे आणि गोठा नंतरचा, असा माझा तर्क आहे. तो बरोबर वाटतो का? आणखी काय तपासावे?

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने कोठाराला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्याआधी चुन्याचा होता आणि दर दोन-तीन वर्षांनी चुनकाम व्हायचे. आता जोत्यापासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला आहे, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो, आणि भिंतीत चिणलेल्या दोन खांबांची बुडे बोटाने उकरता येतात इतकी मऊ झाली आहेत. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून वाळून जायची, ती सिमेंटमुळे आतच कोंडली आणि लाकडात शिरली, एवढे आता कळते. तेव्हा कळायला हवे होते.

सिमेंट सरसकट खरवडले तर खालच्या विटांची तोंडे त्याच्याबरोबर निघून येतील अशी भीती वाटते. एका कोपऱ्यात हातभर जागा छिन्नीने काढून पाहिली, तेव्हा निम्म्या विटा सोलल्या गेल्या. अशा वेळी पोकळ वाजणारा भाग तेवढा काढून बाकीचा राहू द्यावा का? गिलावा काढल्यावर भिंत एक उन्हाळाभर तशीच उघडी सुकू द्यावी, की लगेच चुना लावावा? गवंडी म्हणतो की चुन्यात थोडे सिमेंट घातले म्हणजे लवकर धरतो. मला ते पटत नाही, पण त्याला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. विरवलेला चुना, गूळ, बेलफळाचे पाणी हे सारे ऐकून माहीत आहे, प्रत्यक्ष प्रमाण सांगणारा माणूस गावात उरलेला नाही. खांबांची कुजलेली बुडे कापून खाली दगडी तळखडा (खांबाखालचा बैठकीचा दगड) वाढवणे हा उपाय कुणी केला असल्यास, तोवर तुळईला धिरा (टेकू) कसा दिला तेही कृपया लिहावे.

न्हाणीघराबद्दल माझा आग्रह नाही. त्याचे छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वीच बसले. कोठार राखायचेच, हे मी मनाशी ठरवले आहे. गोठ्याबाबत मात्र काकांशी बोलण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. कोठार त्याला काटकोनात जोडलेले असल्याने गोठा उतरवला तर पश्चिमेकडची पावसाची झड थेट कोठाराच्या भिंतीवर येईल, आणि ही गोष्ट अजून घरात कुणाच्याच लक्षात आलेली नाही.

सातारा, वाई, भोर या पट्ट्यात चुन्याचे काम करणारे कारागीर कुणास ठाऊक असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. मोजमापे आणि छायाचित्रे तयार आहेत. ज्या भागाची लागतील त्या भागाची इथे टाकतो.